यीस्टचा त्रास आणि घरातलं ताट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चौदा वर्षं आहारसल्ल्याचं काम करते आहे. आठवड्याला एखादी तरी बाई येते, आधी दार नीट लागलंय का बघते आणि मग आवाज खाली आणून सांगते. खाज, आग, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, औषध संपलं की महिन्याभरात पुन्हा तेच. मग पर्समधून घडी केलेला कागद निघतो. त्यावर कुणीतरी लिहून दिलेलं असतं : साखर बंद, भाकरी बंद, दही बंद, केळी बंद, इडली बंद, शेंगदाणे बंद. “ताई, हे सगळं सोडलं तर बुरशी जाते म्हणे. खरं का?” खालचे प्रश्न अशाच बायकांनी, त्यांच्या सासवांनी आणि दोन-तीनदा त्यांच्या नवऱ्यांनी विचारलेले आहेत.

यीस्ट वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

हे यीस्ट म्हणजे कॅन्डिडा नावाची एक बुरशी. ती बाहेरून येऊन चिकटते असं नाही. निम्म्याच्या आसपास निरोगी माणसांच्या तोंडात ती असतेच, आतड्यात असते, बायकांच्या योनीमार्गात आणि अंगाच्या घड्यांमध्येही असते. तिच्या शेजारी चांगले जिवाणू राहतात आणि तिला आवरून धरतात. हा शेजार बिघडला की ती पसरते. तोंडात पांढरे थर, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा, छातीखाली आणि जांघेत लाल ओलसर चट्टे, नखाच्या मुळाशी सूज, बायकांना खाज आणि घट्ट पांढरा स्राव, पुरुषांना शिश्नाच्या टोकाला लाली. चारपैकी तीन बायकांना हा त्रास आयुष्यात एकदा तरी होतो. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, अस्वच्छतेचाही नाही. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण बहुतेकजणी मनातून स्वतःलाच दोष देत आलेल्या असतात.

शेजार कशाने बिघडतो? रक्तातली साखर वाढल्याने, अॅन्टिबायोटिक घेतल्याने, स्टिरॉइडने, गरोदरपणात, प्रतिकारशक्ती उतरल्याने. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने. भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की नायलॉनच्या परकराखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आहार बदलला की यीस्ट जातं का?

याचं उत्तर मी दोन भागांत देते, आणि दोन्ही ऐकल्याशिवाय कुणाला उठू देत नाही.

पहिला भाग. फक्त यीस्टला मारणारा असा कुठलाही आहार नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात एक समजूत फार पसरली : थकवा, डोकं जड होणं, पोट फुगणं, उदास वाटणं, सगळ्याच्या मुळाशी आतड्यातलं यीस्ट आहे आणि साखर, पाव, आंबवलेलं सोडलं की माणूस बरा होतो. तिथल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने १९८६ मध्येच सांगितलं की याला आधार नाही. १९९० मध्ये ४२ बायकांवर निस्टॅटिन या बुरशीच्या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. खरं औषध कोणाला आणि नकली कोणाला, हे बायकांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. योनीमार्गाच्या तक्रारी औषधाने कमी झाल्या. पण थकवा, उदासी वगैरे मात्र खऱ्या औषधाने जितकी कमी झाली, तितकीच नकलीनेही झाली. म्हणजे थकव्याचं खापर यीस्टवर फोडणाऱ्याचा दावा टिकला नाही. आपल्याकडच्या थकलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड आधी बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा भाग. ज्यांची रक्तातली साखर वाढलेली आहे, त्यांच्या बाबतीत ताट बदलल्याने खूप फरक पडतो. साखर जास्त झाली की ती लघवीत उतरते, लाळेतही वाढते, त्वचेच्या घड्यांमधल्या ओलाव्यातही. बुरशीला आयतं खाद्य मिळतं आणि तिच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. साखर आटोक्यात आली की बुरशीचा पायाच निघतो. निरोगी माणसाने दोन पेढे खाल्ले म्हणून यीस्ट वाढत नाही. वर्षानुवर्षं साखर २०० च्या वर असलेल्या माणसाचं मात्र मलम लावून भागत नाही.

तेव्हा यादी यीस्टची करायची नाही, साखरेची करायची.

मग सुरुवात कुठून करू?

सकाळी उपाशीपोटी रक्तातल्या साखरेची तपासणी आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा अधिक आलं तर मधुमेह धरतात आणि खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४, ही उंबरठ्यावरची अवस्था. हा आकडा हातात आल्याशिवाय मी कुणाचीही भाकरी कमी करत नाही.

दुसरं, त्रास खरंच यीस्टचा आहे का ते डॉक्टरांना बघू द्या. पांढरं जाणारं सगळंच यीस्ट नसतं. माशासारखा वास असेल तर तो बहुधा जिवाणूंचा प्रकार, त्याचं औषध वेगळं. जांघेतलं गोल, कडेला उठावदार गजकर्णही वेगळीच बुरशी. आणि त्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम चोळलं की चार दिवस बरं वाटतं, पण बुरशी आतून पसरत राहते. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फार वेळ लागत नाही.

तिसरं, घरात कोण कुठल्या गोळ्या घेतंय ते लिहून न्या. मधुमेहाच्या काही गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या उत्तम आहेत, पण त्यांनी त्या भागात यीस्टचा त्रास होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतात.

त्रास एकीला आहे, मग सगळ्या घराचा आहार का बदलायचा?

कारण एकटीचा बदललेला आहार आमच्या घरी सव्वा महिनाही टिकला नाही.

माझ्या सासूबाईंना दीड वर्ष खाज होती. त्या मेडिकलमधून मलम आणवून लावत होत्या, आणि मी आहारसल्लागार सून घरात असून मला पत्ता नव्हता. एका रात्री मोरीच्या दगडावर बसून त्या रडत होत्या तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तपासणी केली : उपाशीपोटी २१२, एचबीए१सी ९.४. औषधं सुरू झाली आणि मी त्यांच्यासाठी वेगळं ताट सुरू केलं. त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात, त्यांची भाजी वेगळी, भात नाही. आम्ही पाचजण तिथेच बसून रोजचं जेवत होतो. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा रविवारी, सगळ्यांच्या ताटात शिरा आणि त्यांच्या ताटात काकडी, तेव्हा म्हणाल्या, “मंग मी काय खावू, माय?” ते मी विसरलेली नाही. पुढे त्या दुपारी सगळे झोपले की डब्यातला गूळ खायच्या.

तेव्हा मी साखरेचा डबा ओट्यावर घेतला आणि हिशेब केला. सहा माणसं, महिन्याला साखर पाच किलो, गूळ दीड किलो. म्हणजे माणशी दिवसाला ३६ ग्रॅम. बिस्किटं, बाहेरची मिठाई यात धरलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत असली तर उत्तम. माझी दहा वर्षांची मुलगीही त्या हिशेबात होती. आजार सासूबाईंचा होता, पण डबा सगळ्यांचा होता.

मग आम्ही डबाच लहान केला. पाच किलोच्या ऐवजी दोन किलोचा. तो महिन्याच्या एक तारखेला भरायचा आणि संपला की संपला. चहात दर आठवड्याला अर्धा चमचा कमी, म्हणजे दोन चमच्यांवरून अर्ध्यावर यायला तीन आठवडे लागले. सासरे पहिल्या आठवड्यात चिडले, तिसऱ्यात त्यांना कळलंही नाही. सासूबाईंचं पातेलं पुन्हा आमच्यात आलं, चहा गाळून झाल्यावर ज्याने-त्याने आपली साखर घ्यायची. चार महिन्यांनी त्यांचं एचबीए१सी ७.१ झालं. खाज त्याच्या आधीच गेली होती आणि परत आली नाही. औषधांचा वाटा मोठा होता, हे मी लपवत नाही. पण औषध चालू असतानाही त्या गुळाचा खडा तोंडात टाकत राहिल्या असत्या, तर हा आकडा आला नसता.

साखरेऐवजी गूळ, मध, खडीसाखर?

रक्तासाठी तिन्ही साखरच. गुळात थोडं लोह असेल, पण एका खड्यातून मिळून किती मिळणार? आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटानेही चाटवू नका. त्याचा धोका यीस्टपेक्षा फार मोठा आहे.

भाकरी बंद करायची का?

नाही. खान्देशात राहून भाकर बंद करा म्हणणाऱ्याने इथलं ताट पाहिलेलंच नाही.

पण हिशेब समजून घ्या. आपल्याकडची एक मोठी भाकर ७०-८० ग्रॅम पिठाची होते, त्यात पन्नासेक ग्रॅम पिष्ट असतं. तीन भाकरी आणि वर भात म्हणजे खूप झालं. मी म्हणते, भाकर राहू द्या, भात काढा, किंवा दोन्हीतलं एक निवडा. आणि भाकरीइतकीच जागा भाजीला द्या. आपल्या ताटात भाजी तोंडी लावण्यापुरती असते आणि भाकर डोंगराएवढी. हे उलटं करायला पैसे लागत नाहीत, फक्त वाढणाऱ्या हाताची सवय बदलावी लागते.

पिठात सगळ्यात चांगलं कळण्याचं. चार किलो दादर ज्वारी, एक किलो सालीचे काळे उडीद, थोडी मेथी, मीठ, आणि गिरणीवर जाडसर दळण. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये दहाएक ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात तेवीस-चोवीस. उडदाची सालही पोटात जाते, त्यामुळे साखर हळू चढते आणि दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडत नाहीत. ज्या घरात मी गव्हाची पोळी काढून कळणा आणला, तिथे बिस्किटाचा पुडा आपोआप मागे पडला. उडदाने पोट जड वाटत असेल तर पाच किलोत अर्धा किलो उडदाने सुरुवात करा.

आणि भरीत! थंडीत आसोद्या-बामणोदकडची ती लांबोडी हिरवी वांगी बाजारात येतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि शेजारी कळण्याची भाकर. मधुमेहाच्या माणसाला याहून चांगलं जेवण मला लिहून देता येणार नाही. सांभाळायचं ते तेल. शेतातल्या भरिताच्या पार्टीत तेलाची धार मोजली जात नाही. घरी चार माणसांना चार चमचे पुरतात. वर जिलबी असेल तर अर्थात सगळं पाण्यात.

वरण-बट्टीचं मात्र जपून. बट्टी वाफवून तळलेली, वर तूप, आणि एकदा बसलं की पाच-सहा सहज जातात. दोन घ्या, घोटलेली वांग्याची भाजी आणि वरण भरपूर घ्या.

पाव, इडली, दही, बिबडे (ज्वारीचे पापड) : आंबवलेलं सगळं सोडायला सांगितलंय. सोडू?

इथे नावाने घोटाळा केला आहे. पाव फुगवणारं यीस्ट आणि त्रास देणारी कॅन्डिडा, दोन्ही बुरशी असल्या तरी जाती वेगळ्या. पावातलं यीस्ट भट्टीत मरून जातं, पोटात जाऊन ते कॅन्डिडाला बोलावत नाही. पाव कमी करायचा तो मैद्यासाठी, टोस्ट-खारी कमी करायची ती मैदा, साखर आणि वनस्पती तुपासाठी.

इडलीचं पीठ मुख्यतः जिवाणूंनी फुगतं. बिबड्यांची ज्वारी भिजून आंबूस होते तेही तसंच. वर्षाची बिबड्यांची रास उन्हात वाळवून ठेवलेली, आणि कुणाच्या तरी कागदावरून ती टाकून द्यायची? अजिबात नको. भाजून खा, तळून कमी खा.

दही खा. दह्याने यीस्टचा त्रास बरा होतो असा पक्का पुरावा नाही, पण ते सोडण्याचंही काही कारण नाही. फुनके आणि कढी हे जेवण मी आठवड्यातून एकदा सुचवतेच, कारण तुरीची डाळ भरडून वाफवलेली, तेल नाममात्र, सोबत ताक. कढीत साखर घालायची सवय असेल तर तेवढी काढा.

ज्याला कुबट वास येतो, ज्यावर हिरवी-काळी बुरशी दिसते, असे शेंगदाणे, मका, लोणचं मात्र टाकून द्या. तो प्रकार वेगळा आहे, तिथलं विष यकृताला धरतं. वरचा थर काढून खालचं खाऊ नका.

आमचा केळीचा बाग आहे. केळीही सोडू?

रावेर, यावल, सावदा, फैजपूर, या पट्ट्यातून हा प्रश्न हमखास येतो. जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, आणि इथल्याच बायका केळीकडे विष म्हणून बघू लागलेल्या पाहिल्या की वाईट वाटतं.

मध्यम केळीत पिष्ट आणि साखर मिळून पंचवीसेक ग्रॅम असते. साखर वाढलेली असताना दिवसाला अर्धं केळं, जेवणावर नाही तर मधल्या वेळेला, मूठभर शेंगदाण्यांबरोबर. फार पिकून डाग पडलेलं नको. शिकरण नको, त्यात दूध-साखर दोन्ही येतं. कच्च्या केळीची भाजी चालते. वेफर्स ही केळी नाही, ते तळण आहे. पेरू, पपई, आणि थंडीत मेहरूणची बोरं यांची मूठभर फोड कुणालाही चालेल.

उपवासाच्या दिवशी काय?

साबुदाण्यात जवळपास निव्वळ पिष्ट असतं, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. वर बटाटा, वर साखरेचा चहा चार वेळा. श्रावणातले सोमवार संपता संपता साखर वाढून माझ्याकडे आलेल्या बायका मी मोजल्या नाहीत, पण दरवर्षी येतात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, राजगिऱ्याची भाकर करा, दही घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर निर्जळी उपवास करू नका. देवाला ते मान्य आहे असं मी सासूबाईंना सांगितलं, आणि त्यांनी ते आमच्या गावच्या महाराजांना विचारून खात्री करून घेतली.

लहान मुलांनाही हाच आहार द्यायचा का?

साखर कमी करा, बाकी काही काढू नका. मुलाला दूध, दही, केळी, भाकर, भात, तूप सगळं हवं. यीस्टच्या भीतीने मुलाचं फळ आणि दूध बंद केलेल्या दोन आया माझ्याकडे आल्या होत्या. दोन्ही मुलांचं वजन उतरलेलं होतं. त्यातल्या एकाला यीस्ट नव्हतंच, जंत होते.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या जिभेवर आणि गालांच्या आत दह्यासारखा थर दिसला आणि तो पुसून निघत नसेल तर बाळ आणि आई दोघांना एकदम औषध लागतं. आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्तनपान थांबवायचं नाही. बाटली वापरत असाल तर बूच रोज उकळा.

आहार बदलल्यावर हात-पाय गळाले. “बुरशी मरते आहे, विष बाहेर पडतंय” असं सांगितलं. खरं आहे का?

हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं.

दिवसाला सहा कप चहा एकदम सोडला तर डोकं दुखतं. तीन भाकरींवरून अर्ध्यावर आलं तर अंगात त्राण राहत नाही. ते उपासमारीचं लक्षण आहे, विष बाहेर पडण्याचं नाही. आणि जो माणूस मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतो, त्याने डॉक्टरांना न सांगता जेवण तोडलं तर साखर धोक्याच्या खाली जाते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलणं अडखळणं. अशा वेळी कुणी “विष बाहेर पडतंय, सहन करा” म्हणत बसलं तर माणूस बेशुद्ध होईल. तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या, सावरल्यावर भाकर-भाजी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा.

म्हणून घरात साखरेचा डबा लहान करा, पण रिकामा करू नका.

लसूण, व्हिनेगर, थुंकीची चाचणी, “क्लिन्झ” पावडर?

सकाळी पेल्यातल्या पाण्यात थुंकून धागे खाली गेले की यीस्ट आहे, ही चाचणी निरर्थक आहे. लाळ जाड असली की धागे उतरतात, एवढंच. लसूण ठेच्यात खा. लसणाची पाकळी, दही, व्हिनेगर, लिंबू, यातलं काहीही योनीमार्गात घालू नका. भाजलेल्या जागेचे फोड मी पाहिले आहेत. साबणाने आतून धुणंही नको, बाहेरून साधं पाणी पुरतं.

एका बाईने तीन महिन्यांच्या पावडरच्या डब्यांसाठी पाटल्यांवर पैसे काढले होते. तिची साखर कुणी एकदाही तपासली नव्हती. क्लोट्रिमॅझोल या बुरशीच्या साध्या औषधाला त्या डब्यांच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत.

ताटाशिवाय घरात आणखी काय बदलावं?

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा आणि उन्हात वाळवलेला. इतकं ऊन आपल्याकडे फुकट आहे. आतले कपडे सुती आणि कोरडे. ओल्या साडीत स्वयंपाक करत बसू नका. छातीखाली, जांघेत, पोटाच्या घडीत अंघोळीनंतर टिपून कोरडं करा. दिवसभर भांडी-धुणं करणाऱ्या हातांना नखुरडं होतं, त्यांच्यासाठी आत सुती आणि वर रबरी हातमोजे. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. आमच्या सासऱ्यांच्या ओठांच्या चिरा एवढ्यानेच गेल्या. आणि सर्दी-तापाला मेडिकलमधून अॅन्टिबायोटिक आणणं बंद. ते बुरशीला आवरून धरणारे चांगले जिवाणू मारतं, सर्दीच्या विषाणूला मात्र काही करत नाही.

नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं का?

त्याला खाज-लाली असेल तर हो, एरवी सहसा नाही. पण त्याची साखर मात्र तपासा. पुरुषाला तिथे वारंवार लाली येणं ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते, आणि तो कुणालाच सांगत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

गरोदर असाल तर कुठलीही बुरशीची गोळी मनाने घेऊ नका. ताप, ओटीपोटात दुखणं, रक्त जाणं, गिळताना दुखणं, वर्षात तीन-चार वेळा तोच त्रास, वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर थांबू नका. तोंडातला आणि घशातला थर पुन्हा पुन्हा येत असेल तर एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि गुप्त ठेवतात.

फरक किती दिवसांत दिसेल?

औषधाने खाज आठवड्याच्या आत ओसरते. आहाराचा फरक एचबीए१सीमध्ये दिसायला तीन महिने लागतात, कारण त्या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते. त्याआधी मोजून उगाच खट्टू होऊ नका.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. लेकी माहेरी येणार. पुरणपोळी-आमरस नाही करायचा?

करायचा. सणाचा दिवस म्हणजे काही वर्षभर नव्हे. आखाजीला खापरावरचा मांडा, म्हणजे आपली मोठी पुरणपोळी, झाला नाही तर झोके बांधून तरी काय उपयोग?

आमच्याकडे आता असं होतं. सकाळी चहा बिनसाखरेचा, सगळ्यांचाच. मांडा सासूबाईच करतात. पुरणाचा गोळा भरून, हातावर फिरवत फिरवत तो कोपरापर्यंत वाढवायचा आणि तापलेल्या खापरावर सोडायचा. हे मला अजून जमलेलं नाही, माझा मधेच फाटतो. पुरणात गूळ डाळीच्या बरोबरीने पडायचा, तो आता पाऊण पडतो. आमरसात साखर घालत नाही, आंबा गोडच असतो. ताटात आधी कटाची आमटी, कुरडई, कैरीची चटणी, मग अर्धा मांडा आणि लहान वाटीभर रस. भात त्या दिवशी नाही. जेवण झालं की सगळ्याजणी झोक्यावर जातात, आणि सासूबाई शेवटचा मांडा खापरावरून उतरवून, चार घड्या घालून, नणंदेच्या डब्यासाठी बाजूला ठेवतात.